रक्तवाहिन्यांचा ताळेबंद : मधुमेही कुटुंबांनी जाणून घ्यावयाच्या काही चाचण्या

घरात कोणाला मधुमेह झाल्याचे निदान झाले की सर्वांचे लक्ष काही मोजक्या आकड्यांभोवती फिरू लागते. उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, याची विचारपूस नातेवाईकही फोनवरून करतात. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. परंतु मधुमेही व्यक्तींच्या मृत्यूची कारणे पाहिली तर सर्वांत वरचे स्थान हृदयविकार आणि पक्षाघात यांचे, म्हणजेच रक्तवाहिन्यांच्या विकारांचे आहे. साखर रक्तात असते, पण तिने केलेले नुकसान रक्त ज्या नळ्यांतून वाहते त्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साठत जाते. रक्तातील साखर आज आटोक्यात आली म्हणून मागील पंधरा वर्षांची झीज भरून निघत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर रोजची साखर ही रोकड वही आहे आणि एचबीए१सी हा तिमाही गोषवारा. व्यवसायाची खरी स्थिती कळण्यासाठी मात्र ताळेबंद लागतो. रक्तवाहिन्यांचा असा ताळेबंद मांडणाऱ्या काही चाचण्या आज उपलब्ध आहेत. त्यांत शरीराची चिरफाड नसते, धमनीत नळी घालावी लागत नाही आणि बहुतेकींना साधी सुईही टोचावी लागत नाही. या चाचण्या काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्यांवर खर्च केव्हा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक वैद्यक व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि बँकेत आयुष्यभर कर्जअर्जांची छाननी केलेला माणूस या नात्याने, आकड्याचा अर्थ काय आणि तो पाहून निर्णय कोणता बदलतो, एवढाच प्रश्न येथे विचारला आहे. उपचाराचा अधिकार आपल्या डॉक्टरांचाच राहील.

हा विषय आपल्या घरांपासून दूरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा बरेच अधिक आहे. दिवसभर पेढीवर बैठक, अवेळी जेवण, हंगामात अपुरी झोप आणि डोक्यावर उधारीची चिंता, हे व्यापाऱ्याच्या दिनक्रमाचे वर्णन आहे आणि मधुमेहाला पोषक असलेल्या दिनक्रमाचेही. आपण शाकाहारी आहोत, तेव्हा हृदय सुरक्षित आहे, असा समजही आपल्याकडे आढळतो. शाकाहाराचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु तळलेले फरसाण, मैदा, पापड-लोणच्यांतील मीठ आणि प्रत्येक शुभप्रसंगीचे मिष्टान्न हेदेखील शाकाहारीच असतात, हे विसरून चालणार नाही.

साखर आणि नळीची भिंत

निरोगी धमनी ही केवळ नळी नसते. तिच्या आतील बाजूस पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणू. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायुरूप रेणू तयार करतो आणि त्यामुळे धमनी गरजेनुसार सैलावते, रुंदावते, तिच्या भिंतीला रक्तकणिका चिकटत नाहीत. या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिद मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, बिघडलेले मेद आणि तंबाखू ही मंडळी प्रथम या अंतःस्तरावर आघात करतात. मग भिंतीत मेद शिरतो, सूज येते, थर जाड होतो, कालांतराने तेथे कॅल्शियम साचते आणि धमनी ताठर व अरुंद होते. एखादा थर अचानक फुटला की त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि झटका येतो.

मधुमेहात एक आणखी अडचण असते. साखरेमुळे मज्जातंतूही बधिर होतात. त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत दुखण्याची नेहमीची सूचना कित्येकांना मिळत नाही. केवळ धाप लागणे, अकारण थकवा किंवा घाम येणे, एवढेच जाणवते आणि ते वयावर ढकलले जाते. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अशा वेळी अगदी सरळ येऊ शकतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथे १९४८ पासून पाच हजारांहून अधिक रहिवाशांच्या हृदयाची पिढ्यानपिढ्या नोंद ठेवली गेली. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका कितीतरी वाढतो आणि ही वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक तीव्र असते, हे त्या नोंदींतून १९७९ मध्ये स्पष्टपणे मांडले गेले. स्त्रियांबाबतचा हा निष्कर्ष आपण विशेष लक्षात ठेवावा, कारण आपल्या घरांत तपासणीची वेळ आली की गृहिणीचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो. पुढे १९९८ मध्ये फिनलंडमधील एका अभ्यासाने खळबळ उडवली. कधीही झटका न आलेल्या मधुमेही व्यक्तीचा धोका, एकदा झटका येऊन गेलेल्या बिनमधुमेही व्यक्तीएवढाच असतो, असे त्यात आढळले.

नंतरच्या अभ्यासांनी या चित्रात एक महत्त्वाची सुधारणा केली : सर्व मधुमेही एकाच मापाचे नसतात. वीस वर्षे मधुमेह असूनही कोणाच्या धमन्या स्वच्छ असतात, तर कोणाच्या निदानाच्या दिवशीच खराब झालेल्या असतात. एकाच व्यवसायातील दोन कर्जदारांची पत जशी सारखी नसते, तसेच हे आहे. ही पत ओळखण्यासाठी पुढील चाचण्या उपयोगी पडतात.

दंड आणि घोटा : सर्वांत साधी चाचणी

डॉक्टर जिला एबीआय म्हणतात ती चाचणी म्हणजे घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने दिलेला भागाकार. रुग्ण काही मिनिटे स्वस्थ आडवा पडतो. रक्तदाबाचा नेहमीचा पट्टा दोन्ही दंडांना आणि नंतर दोन्ही घोट्यांच्या वर बांधला जातो. पेनाएवढे छोटे डॉप्लर यंत्र त्वचेवर ठेवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतात आणि तो आवाज परत सुरू होतो तो दाब टिपून घेतात. सारे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. वेदना नाही, क्ष-किरण नाही, उपास नाही.

एक उदाहरण घेऊ. उजव्या दंडाचा वरचा रक्तदाब १४० आणि डाव्याचा १३६ असेल तर मोठा आकडा, म्हणजे १४०, हिशेबात धरावयाचा. डाव्या घोट्याचा दाब १४४ आला. १४४ भागिले १४० म्हणजे १.०३. उजव्या घोट्याचा ११८ आला. ११८ भागिले १४० म्हणजे ०.८४. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा किंचित अधिक असतो. १.०० ते १.४० ही सामान्य मर्यादा, ०.९१ ते ०.९९ ही सीमारेषा आणि ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा, असे मानले जाते. आपल्या उदाहरणातील माणसाचा डावा पाय ठीक आहे, उजव्यात अडथळा आहे.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की प्रश्न हृदयाचा असताना पाय कशाला तपासावयाचे? उत्तर सरळ आहे. मेदाचे थर साचण्याचा विकार एका जागेचा नसतो. सर्व धमन्यांतून तेच रक्त, तोच दाब आणि तेच मेद वाहत असतात. पायाची धमनी बिघडलेली असेल तर हृदयाची आणि मेंदूची धमनीही बिघडलेली असण्याची शक्यता बरीच वाढते. सोळा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादींवरून काढलेला धोका कोणत्याही पातळीचा असो, ज्यांचा एबीआय कमी होता त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि मोठे झटके यांचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. पाय दुखत नसलेल्यांनाही ही सूचना लागू पडते. पायाच्या धमनीचा विकार असलेल्या पुष्कळ लोकांना चालताना पोटरीत गोळा येण्याचा तो नेहमीचा त्रास होतच नाही.

अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या अलीकडील मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील मधुमेही, तसेच डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतू यांवर परिणाम झालेले मधुमेही यांच्यासाठी, तक्रार नसली तरी, या चाचणीचा विचार करावा असे सुचविले आहे.

आकडा मोठा आला तरी निश्चिंत राहू नये

मधुमेही माणसाच्या बाबतीत या चाचणीत एक खाचखळगा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते आणि त्या कडक नळीसारख्या होतात. पट्टा कितीही फुगवला तरी त्या दबत नाहीत. परिणामी यंत्र खोटा मोठा दाब दाखवते आणि निर्देशांक १.४० च्या पुढे जातो. कागदावर मालमत्ता फुगवून दाखवणाऱ्या ताळेबंदासारखा हा प्रकार आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या समुदायांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ०.९० पेक्षा कमी आणि १.४० पेक्षा जास्त, अशा दोन्ही टोकांच्या लोकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात, कारण अंगठ्यातील बारीक धमन्यांवर हा कॅल्शियमचा परिणाम सहसा कमी असतो. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब हा आकडा ०.७० पेक्षा कमी असेल तर तो दोष समजला जातो. दहा वर्षांहून अधिक मधुमेह असलेल्यांनी केवळ 'एबीआय नॉर्मल' एवढ्या शेऱ्यावर समाधान न मानता प्रत्यक्ष आकडा विचारून घ्यावा.

दोन्ही हातांचा रक्तदाब मोजणे हीदेखील एक रक्तवाहिनी-चाचणीच आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. दोन हातांच्या वरच्या रक्तदाबात १५ किंवा अधिक फरक सातत्याने येत असेल तर ते धमनी अरुंद झाल्याचे चिन्ह असू शकते. ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी.

मानेची सोनोग्राफी

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे सोनोग्राफीने त्यांची भिंत सहज दिसते. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी १९८६ मध्ये ही भिंत ध्वनिलहरींनी अचूक मोजता येते हे दाखवून दिले. आतील दोन थरांची एकत्र जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. वय वाढते तशी ती वाढतेच, परंतु मधुमेहात ती समवयस्कांपेक्षा अधिक आढळते.

एके काळी या जाडीच्या मोजमापाकडून फार अपेक्षा होत्या. पुढे लक्षात आले की मोजणाऱ्याच्या हातानुसार आकडा थोडा बदलतो आणि नेहमीच्या धोक्याच्या हिशेबात त्यामुळे फारशी भर पडत नाही. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१३ च्या मार्गदर्शनात ही जाडी सरसकट मोजण्याची शिफारस केली नाही. वर्षभरात जाडी वाढते ती सरासरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आणि मोजमापातील चूक त्याहून मोठी असू शकते. म्हणून दरवर्षी ही चाचणी करून तुलना करीत बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

मात्र याच सोनोग्राफीत धमनीच्या आत उंचवटा, म्हणजे डॉक्टर ज्याला प्लाक म्हणतात तो दिसला, तर त्याचे महत्त्व वेगळे आहे. तेथे विकार प्रत्यक्ष सुरू झाल्याचा तो दृश्य पुरावा असतो. अहवाल हाती आल्यावर जाडीच्या दशांशांपेक्षा 'प्लाक आहे की नाही' ही ओळ प्रथम वाचावी.

ताठरपणा आणि लवचीकपणा

हृदयाचा प्रत्येक ठोका धमन्यांतून एक लहर पाठवतो. लवचीक नळीतून ती सावकाश जाते, ताठर नळीतून वेगाने. मान आणि जांघ या दोन ठिकाणी नाडी टिपून या लहरीचा वेग मोजता येतो. हा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक असेल तर महाधमनी ताठर झाली आहे असे समजतात. २००२ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेही रुग्णांच्या आयुर्मानाशी या वेगाचा स्पष्ट संबंध दिसला. जपानमध्ये दंड आणि घोटा यांना पट्टे बांधून हाच वेग मोजण्याची सोपी पद्धत पुष्कळ रूढ आहे आणि आपल्याकडेही काही तपासणी केंद्रांत ती यंत्रे आली आहेत.

दुसरी चाचणी अंतःस्तराच्या कार्यक्षमतेची. १९९२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत हातावरचा पट्टा सुमारे पाच मिनिटे घट्ट ठेवून सोडतात आणि रक्त पुन्हा धावले की दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने पाहतात. जी धमनी रुंदावत नाही तिचा अंतःस्तर थकलेला असतो. विकाराची ही सर्वांत पहिली पायरी असल्याने संशोधनात या चाचणीला मोठे मोल आहे. परंतु खोलीचे तापमान, आदले जेवण, चहा, झोप अशा किती तरी गोष्टींनी निकाल बदलतो. म्हणून नेहमीच्या दवाखान्यात ती वापरली जात नाही. आरोग्य तपासणीच्या महागड्या पॅकेजात ती दिसली तर तिच्यामुळे उपचारात कोणता बदल होणार, हे विचारल्यावाचून पैसे भरू नयेत.

हृदयधमन्यांतील कॅल्शियम

वरील सर्व चाचण्या हृदयाबाहेरच्या धमन्या पाहून हृदयाविषयी अनुमान बांधतात. कॅल्शियम स्कोअर ही चाचणी थेट हृदयधमन्यांकडे पाहते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिची पद्धत सांगितली. सीटी स्कॅन यंत्रात काही क्षण श्वास रोखून धरावा लागतो. रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही. क्ष-किरणांची मात्रा सुमारे १ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून प्रत्येकाला वर्षभरात सरासरी मिळते त्याच्या निम्म्याहून ती कमीच आहे. शून्य म्हणजे कॅल्शियम आढळले नाही, १ ते ९९ अल्प, १०० ते ३९९ मध्यम आणि ४०० पासून पुढे बरेच, अशी ढोबळ विभागणी आहे.

मधुमेहींसाठी या चाचणीतील सर्वांत दिलासादायक माहिती २००४ मध्ये पुढे आली. कोणतीही तक्रार नसलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या, त्यांत ९०३ मधुमेही, सुमारे पाच वर्षांच्या नोंदी पाहता असे आढळले की स्कोअर शून्य असलेल्या मधुमेहींचे जगण्याचे प्रमाण शून्य स्कोअर असलेल्या बिनमधुमेहींच्या जवळपास बरोबरीचे होते. उलट स्कोअर वाढला की मधुमेहींचा धोका इतरांपेक्षा अधिक वेगाने चढत गेला.

तरीही दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. मऊ, नवे, कॅल्शियम न साचलेले थर या चाचणीत दिसत नाहीत. म्हणून तरुण वयातील शून्य हे अभयपत्र नव्हे. दुसरे असे की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे थर घट्ट व स्थिर होताना स्कोअर थोडा वाढूही शकतो. तो वाढलेला पाहून घाबरून औषध बंद करणे हा आत्मघात ठरेल. आणि ज्याला छातीत दुखते, चालताना धाप लागते, त्याच्यासाठी या चाळणी चाचण्या नाहीतच. त्याने विनाविलंब हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे.

पाहणी झाली म्हणजे वसुली झाली असे नव्हे

बँकेत शाखेची तपासणी करणारे अधिकारी येतात, थकीत खात्यांची यादी करतात, अहवाल लिहून जातात. त्या अहवालाने एक रुपयाही वसूल होत नाही. वसुलीसाठी नंतर कर्जदाराच्या दारात जावे लागते. चाचण्यांचेही तसेच आहे आणि याला भक्कम पुरावा आहे.

अमेरिका आणि कॅनडा येथे टाइप २ मधुमेह असलेल्या, हृदयाची तक्रार नसलेल्या १,१२३ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाची हृदयाच्या रक्तपुरवठ्याची स्कॅन तपासणी झाली, दुसऱ्याची झाली नाही. २००९ मध्ये निकाल आला. सुमारे पाच वर्षांत हृदयविकाराचा मृत्यू किंवा झटका तपासणी झालेल्यांत २.७ टक्क्यांना आणि न झालेल्यांत ३ टक्क्यांना. म्हणजे फरक नगण्य. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ९०० मधुमेहींवर सीटी अँजिओग्राफीचा असाच कस लावला गेला आणि तेथेही निर्णायक लाभ दिसला नाही. दोन्ही प्रयोगांत तपासणी न झालेल्यांवरही मूळचे औषधोपचार चांगले चालू होते, हे यामागील प्रमुख कारण मानले जाते.

अहवालात काही दोष दिसताच 'लगेच स्टेंट घालून टाका' असा आग्रह धरण्याची घाईही समजून घेतली पाहिजे. मधुमेह आणि स्थिर स्वरूपाचा हृदयधमनीविकार असलेल्या २,३६८ रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल २००९ मध्ये जाहीर झाला. तातडीने अँजिओप्लास्टी वा बायपास केलेल्यांपैकी ८८.३ टक्के आणि प्रथम कसोशीने औषधोपचार केलेल्यांपैकी ८७.८ टक्के लोक पाच वर्षांनंतर हयात होते. झटका येत असताना किंवा मुख्य धमनीच बंद होऊ लागली असताना शस्त्रक्रियेने प्राण वाचतात, यात शंका नाही. परंतु तक्रार नसलेल्या माणसाच्या अहवालातील एका ओळीवरून घरच्यांनी रात्रीत निर्णय घेऊ नये.

वसुली कशाने होते, त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. डेन्मार्कमधील स्टेनो केंद्रात टाइप २ मधुमेह असून लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या १६० रुग्णांचे दोन समान गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान या साऱ्यांवर एकाच वेळी कसून नियंत्रण. सुमारे आठ वर्षांत पहिल्या गटातील ४४ टक्के, तर दुसऱ्यातील २४ टक्के लोकांना हृदय वा रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास झाला. एकवीस वर्षांनंतर हिशेब केला तेव्हा कसून उपचार मिळालेल्या गटाला सुमारे आठ वर्षांचे अधिक आयुष्य लाभल्याचे दिसले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व आयर्लंडमधील प्रयोगात २,८३८ मधुमेहींपैकी ज्यांना कोलेस्टेरॉलची अल्पमात्रेची गोळी मिळाली त्यांच्यात मोठे झटके व पक्षाघात ३७ टक्क्यांनी घटले. यांपैकी कोणत्याही उपचारासाठी महागड्या स्कॅनची वाट पाहण्याची गरज नव्हती.

मग चाचण्या कशासाठी? ज्याचा निर्णय अधांतरी आहे त्याच्यासाठी. डॉक्टर गोळी सुचवतात, रुग्ण 'मला काही होत नाही' म्हणून टाळतो, अशा वेळी स्वतःच्या घोट्याचा ०.८४ हा आकडा किंवा हृदयधमनीतील कॅल्शियम प्रत्यक्ष पाहिल्यावर मन वळते. उपचार किती कडक करावेत, हे ठरविण्यासही डॉक्टरांना त्याची मदत होते.

मग क्रम कसा असावा?

साठीच्या आसपासच्या, आठ-दहा वर्षे मधुमेह असलेल्या आणि तक्रार नसलेल्या माणसाने पुढील क्रमाने डॉक्टरांशी बोलावे, असे सर्व वाचनानंतर वाटते. प्रथम स्वस्त आणि ठाम उपयोगाच्या गोष्टी : दोन्ही हातांचा रक्तदाब, लिपिड प्रोफाइल, लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर आणि डोळ्यांच्या पडद्याची वार्षिक तपासणी. लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर ३० च्या पुढे गेले तर मूत्रपिंडासोबत सर्वच बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या आहेत, असा त्याचा अर्थ घेतात. डोळ्याचा पडदा ही तर शरीरातील अशी जागा, जेथे रक्तवाहिन्या काहीही न कापता उघड्या दिसतात. त्यानंतर एबीआय, आणि आकडा १.४० च्या पुढे असेल तर अंगठ्याचा दाब. कॅल्शियम स्कोअर वा मानेची सोनोग्राफी ही उपचाराचा निर्णय अडला असेल तरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने. कोणत्याही चाचणीपूर्वी दोन प्रश्न विचारावेत : निकाल चांगला आला तर काय बदलेल? वाईट आला तर काय बदलेल? दोन्हींचे उत्तर 'काही नाही' असेल तर तो पैसा दररोज अर्धा तास चालण्यासाठी लागणाऱ्या चांगल्या बुटांवर खर्च करावा.

आपल्या समाजात न्यास, मंडळे आणि दवाखाने यांच्या वतीने आरोग्य शिबिरे सातत्याने भरतात. त्यांत साखर आणि ईसीजी आवर्जून केला जातो. त्याच मांडवात एक हाती डॉप्लर यंत्र, योग्य मापाचे पट्टे आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची जोड दिली तर पन्नाशीपुढील मधुमेहींचा एबीआय सहज मोजता येईल. शिबिरात सापडलेल्या दोषाचा पाठपुरावा करणारा डॉक्टर मात्र आधी ठरलेला हवा. नाहीतर ती यादी केवळ यादीच राहील. आणि नावनोंदणी करताना घरातील मधुमेही स्त्रियांची नावे पहिल्या पानावर घ्यावीत.